चोरी किरकोळ, कारण माल शेतकऱ्याचा



कापूस फुटायला लागला आणि ज्वारी निसवली, की पिंपळगाव राजाच्या शिवारापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत घराघरातला एक माणूस रात्री शेतात असतो. याला आपण जागल म्हणतो. आपले वाडवडील जागलीला जात ते रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी. टेंभा, पत्र्याचा डबा आणि आरोळी एवढ्यावर त्यांचे काम भागत असे. आज जनावरांच्या जोडीला माणसाचीही जागल करावी लागते. डुक्कर खाते त्याच्या दुप्पट तुडवते हे खरे, पण डुक्कर विहिरीवरची केबल कापून नेत नाही.

विहिरीवरची केबल जाते. मोटर जाते, स्टार्टर जातो. तुषार संचाचे नोझल एका रात्रीत पिशवीत भरून जातात. डीपीतले तेल जाते आणि अख्ख्या शिवाराचे ओलीत बंद पडते. खळ्यावरचे पोते जाते, कोठ्यातली शेळी जाते, फवारणीचा पंप आणि ताडपत्रीसुद्धा जाते. कोणत्याही गावच्या बैठकीत विचारा, गेल्या दोन वर्षांत कोणाचे काय गेले? हातच हात वर होतात. मग विचारा, रिपोर्ट किती जणांनी दिला? हात खाली येतात.

"जाऊ द्या न भाऊ, केबलच त गेली," असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलवतात.

आमचे भांडण या 'जाऊ द्या'शी आहे. हा शेतकऱ्याचा मोठेपणा नाही, ही त्याला लावलेली सवय आहे. ज्याला आयुष्यभर मालाचे मोल मिळाले नाही, त्याला माल चोरीला गेल्याचेही मोल वाटेनासे होते. आणि आता तर हे 'जाऊ द्या' कायद्यातच लिहून ठेवले आहे.

पाच हजारांची रेघ

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. इंडियन पिनल कोड गेला, भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. चोरीचे ३७९ कलम आता ३०३ झाले. नुसता आकडा बदलला असता तर आम्ही त्यासाठी कागद खर्च केला नसता. पण त्या कलमात एक रेघ ओढली आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा.

इथपर्यंत आमची तक्रार नाही. पोटासाठी पहिल्यांदा हात मारलेल्या पोराला तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या पंगतीला बसवून गावाचे भले होत नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. प्रक्रियेच्या कायद्याला जी पहिली अनुसूची जोडली आहे, तिच्यात ही ५,००० च्या आतली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलिसाने वहीत नोंद करायची आणि फिर्यादीला कोर्टाची वाट दाखवायची. न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही.

शहरातल्या माणसाच्या खिशातला मोबाईल बहुधा या रेघेच्या वर असतो. आपल्या शेतातले काय काय रेघेच्या खाली येते, त्याचा हिशेब मांडू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. त्या भावाने एक क्विंटल ३५ किलो ज्वारीचे ४,९९३ रुपये ६५ पैसे होतात. म्हणजे चार माणसांच्या घराची चार महिन्यांची भाकर कोणी खळ्यावरून उचलून नेली, तरी कायद्याच्या लेखी ती किरकोळ चोरी. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्याने ६४ किलो कापसाचे ४,९३४ रुपये होतात. दोन-तीन बायांनी दिवसभर कंबर मोडून केलेली वेचणी गेली, तरी ती रेघेच्या खालीच.

हा हिशेब हमीभावाचा झाला. व्यापाऱ्याने तोच कापूस ६,५०० रुपयांनी मागितला तर? मग ७६ किलो गेला तरी ४,९४० रुपयेच होतात. तोच चोर, तेच शेत, तीच रात्र. भाव हजार-बाराशेने पडला की चोराला बारा किलो कापूस जास्त नेण्याची मुभा मिळते! जो भाव पाडतो तो शेतकऱ्याला बाजारात लुटतो आणि वर शेतातल्या चोराची सवलतही वाढवून देतो. 'शेतमालाला भाव' या मागणीचा चोरीशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी हे गणित पाटीवर करून पाहावे.

आमच्यातल्या काहींनी अकोल्याच्या विद्यापीठात कृषीची पदवी घेतली. तिथे 'आर्थिक नुकसानीची पातळी' शिकवतात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीवर उपाय सुरू करायचा, त्याआधी नाही. ही पातळी हवेतून काढलेली नसते. पिकाचा भाव, उपायाचा खर्च आणि होणारे नुकसान यांचा मेळ घालून ती ठरते. चोरीची पातळी ५,००० ठरवताना कोणाचे नुकसान मोजले? कारखानदाराला जी रेघ, तीच पाच एकर कोरडवाहूवाल्याला. भूमिहीन बाईचे करडू गेले तर तिचे वर्षाचे भांडवल गेले, पण करडाची किंमत पाच हजार होत नाही. म्हणून तिच्या करडाचा तपास नाही. ज्याच्याकडे थोडे आहे त्याचे थोडेच चोरीला जाणार. म्हणजे हा नियम गरिबाच्या मालाचे कुलूप काढून ठेवणारा आहे.

पोलीस तेव्हा कुठून आले?

यावर ठरलेले उत्तर येते. पोलीस कमी, गावे जास्त, जीप एक आणि बंदोबस्त दहा. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ठाण्यातला शिपाईही बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा असतो आणि सणावाराला त्याच्याही घरची माणसे वाट पाहत असतात. पण आपल्याला एक जुनी गोष्ट आठवते.

१९७१ चा कायदा करून १९७२ पासून या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. आपल्याच शेतात आपण पिकवलेला कापूस सरकारशिवाय दुसऱ्याला विकणे हा गुन्हा झाला. आपल्या जिल्ह्याची शीव मध्य प्रदेशाला लागून. पलीकडे भाव बरा दिसला म्हणून कोणी गाडी जुंपली, की नाक्यावर अडवणूक आणि 'तस्कर' हे नाव. ज्या ज्वारीच्या पोत्याच्या चोरीला पोलीस मिळत नाही, त्याच शेतकऱ्याचा कापूस अडवायला तेव्हा पोलीस मिळाले, नाके मिळाले, रात्रपाळ्याही मिळाल्या. १० डिसेंबर १९८६ रोजी, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला, कापसाच्या भावासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्या दिवशी पोलीस कमी पडले नव्हते.

एकाधिकार या शतकाच्या सुरुवातीला मोडला. त्याचे रडगाणे आज गायचे नाही. सांगायचे एवढेच, की पोलीस किती आहेत यापेक्षा ते कोणाच्या मालासाठी आहेत हा प्रश्न मोठा आहे. आणि तो प्रश्न विचारायचा तर आपल्या हातात कागद पाहिजे. 'आमच्याकडे लय चोऱ्या होतात' हे वाक्य कोणत्याही साहेबाला झोपेतून उठवत नाही. वर्षाच्या शेवटी ठाण्याच्या वहीत शिवारातल्या चोऱ्या दोन दिसल्या, तर साहेब दोनच धरणार. बाकीच्या सगळ्या आपण आपल्याच तोंडाने 'जाऊ द्या' म्हणून पुसून टाकलेल्या असतात.

आमच्यापैकी एकाला आलेला अनुभव सांगतो. ठाणे कोणते ते लिहीत नाही, कारण ती गोष्ट एका ठाण्याची नाही. केबल गेली म्हणून तो सकाळी रिपोर्ट द्यायला गेला. पहिला प्रश्न आला, किती फूट? दुसरा, कोणावर संशय? तिसरा, बिल आहे का? बिल नव्हते. "मग नवी घ्या न भाऊ, कोर्टाच्या चकरा माराल का?" तो परत आला. त्या दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडे गेले आणि आठवड्यात शेजारच्या विहिरीवरची केबलही गेली. चोराने पाहिले होते, की पहिल्या वेळी काहीच झाले नाही.

जागल्या गेला, पाटील राहिला

वऱ्हाडात पूर्वी गावाचा जागल्या असे. चोरी झाली की तो पायमाग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला, की पुढचे काम त्या गावाचे. या पद्धतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. ती जातीच्या पाठीवर उभी होती. रात्र जागायचे ओझे काही जातींवर, आणि चोरीचा पहिला आळही त्यांच्यासारख्यांवरच. ती मोडली हे चांगले झाले. पण त्यातला एक नियम सोन्यासारखा होता. चोरी एकट्या घराची नसे, गावाची असे. आपण पद्धत टाकताना हा नियमही उकिरड्यावर टाकला.

वतनदारी गेल्यावर १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला आणि गावोगाव पोलीस पाटील नेमले गेले. गावात गुन्हा झाला तर ठाण्याला कळवणे, गुन्हा होऊ नये म्हणून लक्ष ठेवणे, हे त्याचे कायद्याने ठरलेले काम आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्राम सुरक्षा दलाचीही सोय आहे. म्हणजे गावाने स्वतःची राखण करावी, हे काही आम्ही आज शोधून काढलेले नाही. पण अनेक गावांत हे दल म्हणजे काठ्या-शिट्ट्या वाटल्याचा एक फोटो आणि नावांची एक जुनी यादी. यादीतली निम्मी पोरे पुण्याला कंपनीत लागली, आणि यादी मात्र अजून गस्त घालते आहे!

मारणारा हात आपला नसावा

आता आपल्याच माणसांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. रिपोर्ट देऊन काही होत नाही, मग सापडला की हाणा, असे अनेक जण उघड म्हणतात. तरुण पोरे तर मोबाईलवर तशी भाषा करतात. त्यांच्यासाठी दोन तारखा.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून जगणारी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवर चालू होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जीव जाईपर्यंत मारले. ती टोळी नव्हती. पाच घरांचे कर्ते पुरुष होते.

१६ एप्रिल २०२०. पालघर जिल्हा, गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस. रात्री चोर फिरतात या अफवेने गावे जागत होती, म्हणजे जागलीवरच होती. दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशी तीन माणसे जमावाने पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारली.

ही गावे राक्षसांची नव्हती, आपल्यासारखीच होती. त्यांना भीती होती आणि त्यांचा कोणावर विश्वास उरला नव्हता. कपाशीवर न मोजता, न पाहता जहाल औषध मारले की अळी राहते बाजूला आणि ढालकिडा, क्रायसोपा हे आपले मित्र आधी मरतात. अफवेवर उठलेला जमाव तसाच. त्याच्या हाती चोर क्वचित लागतो. वाटसरू, वेडा, भिक्षेकरी किंवा पारध्याचा पोरगा मात्र लागतो.

पारध्याचे नाव मुद्दाम घेतले. आपल्या जिल्ह्यात पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. १८७१ मध्ये इंग्रजाने कायदा करून देशातल्या अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. कागदावरून शिक्का गेला, पण आपल्या मनातून गेला का? गावात चोरी झाली की पहिली बोटे त्या तांड्याकडे, नाहीतर सालदाराकडे. ज्याने पुराव्याशिवाय बोट दाखवले, त्याने खऱ्या चोराला पळायला अर्धी रात्र दिली.

कायदा काय सांगतो तेही ऐका. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा माणूसही पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे वीस फूट केबल घेऊन पळणाऱ्या पोराला आपण खांबाला बांधून झोडपले, तर त्याच्या चोरीचा तपास होणार नाही आणि आपल्यावर मात्र गुन्हा दाखल होईल! स्वतःच्या जिवाचा आणि मालाचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण समोरचा पळाला किंवा हाती आला की बचाव संपला. त्यापुढची प्रत्येक काठी गुन्हा आहे.

तीच गोष्ट कुंपणात सोडलेल्या करंटची. डुक्कर येते, चोर येतो म्हणून तारेत वीज सोडली आणि सकाळी त्या तारेला शेजारी, सालदार, कधी घरचाच पोरगा चिकटलेला सापडला, अशा बातम्या विदर्भात दर हंगामात वाचायला मिळतात. पंधरा हजारांचा माल राखायला माणूस मारायचा आणि मग आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हा कोणता हिशेब? ज्याने तार जोडली असेल त्याने आज घरी गेल्यावर काढावी. या बाबतीत आम्ही कोणाची बाजू घेणार नाही.

माल घेणारा कोण?

केबल चोरणारा ती घरात शोभेला लावत नाही. शिवाराच्या कडेला, नाल्यात, जळलेल्या प्लास्टिकची राख सापडते. वरचे आवरण जाळले की आत तांबे उरते आणि ते किलोवर विकले जाते. कोणीतरी ते घेतो. रात्री दोन वाजता मोटर उचलणारा सकाळी दहाला ती कोणाला तरी देतो. चोर रोज बदलतो, घेणारा बदलत नाही. न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. जळलेले तांबे किलो-किलोने आणून देणारा माणूस ते कुठून आणतो, हे घेणाऱ्याला कळत नाही असे कोणाला वाटते?

आणि घेणाऱ्यांत आपलेही लोक आहेत, हे कबूल करू. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, बिल नाही, नंबर घासलेला, अशी मोटर आपल्यातला कोणी घेतो आणि 'स्वस्तात पडली' म्हणून पारावर सांगतो. ती कोणाच्या तरी विहिरीवरून आलेली असते. आज त्याच्या, उद्या आपल्या. गुलाबी बोंडअळी एका शेतातल्या पऱ्हाटीत मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात सगळ्या शिवारात फिरते. म्हणून एकट्याने पऱ्हाटी काढून उपयोग नसतो, अख्ख्या गावाने काढावी लागते. चोरीच्या मालाचे गिऱ्हाईक गावातून असेच सगळ्यांनी मिळून काढावे लागेल.

गावाने काय करायचे

एक. रिपोर्ट लेखी द्यायचा, त्याच दिवशी द्यायचा, दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिताकुमारी खटल्यातला निकाल १२ नोव्हेंबर २०१३ चा आहे. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण चौदा दिवस म्हणजे चौदा महिने नव्हेत. हद्द आमची नाही, हे उत्तर आता चालत नाही. कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. नोंदीची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

दोन. चोरी कुठून झाली ते नीट लिहायचे. उघड्या शेतातून गेलेला माल ३०३ कलमात जातो. पण राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर ३०५ कलम लागते. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते दखलपात्र आहे आणि त्याला पाच हजारांची रेघ नाही. शेतातल्या बांधलेल्या खोलीतून पोते गेले, तर 'शेतातून गेले' असे मोघम लिहू नका. खोली, दार, कडी, कुलूप, सगळे लिहा.

तीन. पाच हजारांच्या आतली चोरी असली तरी अदखलपात्र नोंद करून घ्यायचीच. त्या नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावा, असे संहितेच्या १७४ व्या कलमात आहे. एका रात्रीत सात विहिरींवरची केबल गेली तर सात जणांनी सात दिवशी जाऊ नये. एकत्र जावे, एकत्र लिहून द्यावे आणि विचारावे, की एका टोळीने एका रात्रीत केलेली चोरी सात तुकड्यांत का मोजता?

चार. गावात चोरीवही ठेवायची. तारीख, शिवार, काय गेले, आज नवे घ्यायला किती लागतील, रिपोर्ट दिला का, उत्तर काय मिळाले, एवढे रकाने पुरेत. मोटरचे, स्टार्टरचे नंबर त्यात आधीच लिहून ठेवायचे, मोटरच्या अंगावर नाव कोरायचे, बिल जपून ठेवायचे. ज्या मालावर खूण नाही, तो सापडला तरी आपला आहे हे सिद्ध करणार कसे?

पाच. जागल पाळीने करायची. एकट्याने जायचे नाही. तिघे-चौघे, बॅटरी, शिट्टी आणि चालू मोबाईल घेऊन जायचे. नावांची यादी पोलीस पाटलाकडे आणि ठाण्यात द्यायची. अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारायचे, शंका आली तर ११२ लावायचा, अंगाला हात लावायचा नाही. मोबाईलवर आलेली टोळीची बातमी ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. पाळीत सगळ्या गल्ल्या आणि सगळ्या जाती असाव्यात. भूमिहीन माणूस दुसऱ्याच्या पिकासाठी रात्र जागणार असेल तर त्याला त्या रात्रीची मजुरी मिळाली पाहिजे. आपण मालाला भाव मागतो आणि त्याच्या झोपेला भाव द्यायचा नाही, हे चळवळीला शोभत नाही.

सहा. या कामात बायांना विचारा. पुरुषांना विहिरीची काळजी, पण पहाटे वेचणीला जाणाऱ्या बाईला नाल्याजवळच्या दारूच्या अड्ड्याची भीती आणि कॉलेजातून उशिरा येणाऱ्या पोरीला एसटीच्या थांब्यावरच्या अंधाराची. चोरीवहीत या जागाही लिहिल्या गेल्या पाहिजेत. पोत्याची राखण होते आणि पोरीची होत नाही, असे गाव सुरक्षित म्हणता येणार नाही.

"एवढे कोण करते?"

हा प्रश्न येणारच. रिपोर्टला गेले की एक दिवस बुडतो हे खरे आहे. म्हणून एकट्याने दिवस बुडवू नये. आठवड्याला एक माणूस गावाच्या वतीने सगळ्यांचे कागद नेईल आणि त्याची मजुरी वर्गणीतून निघेल. चोर सापडेलच, अशी खात्री आम्ही देत नाही. पण चोरी झाली हे सिद्ध करणारा कागद सापडेल. आज आपल्याकडे तोही नाही.

दुसरे म्हणतील, ही कामे सरकारची. बरोबर आहे, आणि सरकारकडून घ्यायचे ते घेऊच. पंपांना रात्रीची पाळी असते म्हणून शेतकऱ्याला साप-विंचवात, अस्वलाच्या वाटेवर अंधारात दारे धरावी लागतात. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली गेली. रात्रीची पाळी पूर्ण बंद होईपर्यंत ही मागणी सोडायची नाही. कायदा बदलण्याचेही तसेच. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधानसभेलाही राष्ट्रपतींच्या मंजुरीने त्यात दुरुस्ती करता येते. आपल्या आमदाराला हे काम मुंबईत करता येण्यासारखे आहे. 'दिल्लीचा कायदा आहे' असे म्हणून त्याला सुटू देऊ नका.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार ठराव ठेवत आहोत. शेतमाल, जनावरे आणि सिंचनाचे साहित्य यांची चोरी, किंमत कितीही असो, दखलपात्र करावी. प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतल्या शेतातल्या चोऱ्यांची आणि लागलेल्या तपासांची यादी दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीत लावावी. भंगार घेणाऱ्याने विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि मालाचे वर्णन वहीत लिहावे आणि ती वही पोलिसांनी तपासावी. आणि चौथा ठराव आपला आपल्यासाठी. आमच्या गावात कोणावर हात उगारला जाणार नाही, तारेत करंट सोडला जाणार नाही आणि बिलाशिवाय मोटर घेतली जाणार नाही.

पहिले तीन ठराव सरकारने ऐकले नाहीत तर पुन्हा मांडू. चौथ्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही. बैठकीला येताना गावची चोरीवही घेऊन या. वही नसेल तर पोराची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही आणा. पहिल्या पानावर स्वतःचे गेलेले लिहा, मग शेजाऱ्याचे. सगळ्या गावांच्या वह्या एका टेबलावर ठेवून बेरीज मारू आणि ती बेरीज पाच हजारांच्या वर जाते की खाली, ते साहेबालाच विचारू.